एका इंग्रजी आडनावाचा माग कसा काढायचा: ‘साइक्स’चं उदाहरण घेऊन

ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स आणि त्यांच्या सहकारी कॅथरीन अर्वन यांनी सन २००० मध्ये एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांचं वाय गुणसूत्र, म्हणजे फक्त बापाकडून मुलाला मिळणारा डीएनए, त्यांनी तपासलं होतं. हे आडनाव अनेक ठिकाणी, अनेक घराण्यांनी वेगवेगळं घेतलं असणार, असं आडनावांचे अभ्यासक तोवर मानत आले होते. प्रत्यक्षात त्या ४८ जणांपैकी जवळजवळ निम्म्यांचा वाय नमुना अगदी एकच निघाला. त्याच भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांमध्ये तो नमुना सापडलाच नाही. आडनाव आणि डीएनए यांची एवढी स्पष्ट सांगड घालणारं हे पहिलंच काम.

इंग्रजी आडनावाचा अभ्यास शिकायला म्हणूनच मला साइक्ससारखं दुसरं उदाहरण दिसत नाही. शिवाय आपल्या दख्खनशीही या आडनावाचा खराखुरा संबंध आहे, तो पुढे येईलच.

हा लेख कोणासाठी? ज्यांच्या घराण्यात एखादा इंग्रज पणजोबा किंवा खापरपणजोबा आहे त्यांच्यासाठी. इगतपुरी, भुसावळ, देवळालीच्या किंवा पुण्याच्या कॅम्पातल्या अँग्लो-इंडियन घराण्यांसाठी. लेक-जावई इंग्लंडात आहेत आणि नातवाची वंशावळ दोन्ही बाजूंनी लिहायची आहे, अशा आजी-आजोबांसाठी. आणि कंपनी सरकारच्या काळातले साहेब नेमके कुठले, हे शोधणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकांसाठीही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. आडनावाचा अर्थ, ते आडनाव जिथे जास्त आढळतं तो मुलूख, आणि त्या माणसांचं रक्ताचं नातं हे तीन वेगळे साक्षीदार आहेत. तिघांची साक्ष वेगवेगळी घ्यायची आणि मगच जुळवायची. बहुतेक घोळ एकाची साक्ष दुसऱ्याच्या तोंडी घातल्यामुळे होतात.

पहिली पायरी: हातातलं टोक घट्ट धरा

शोध नेहमी आजपासून मागे जातो, मागून पुढे येत नाही. ‘साइक्स म्हणजे उत्तर इंग्लंडातलं यॉर्कशर, तिथे कुणी मोठा साइक्स होऊन गेला, म्हणजे आपण त्याचेच’ असं उलटं निघालात की संपलंच. घरातले जन्मदाखले, लग्नाची सर्टिफिकिटं, बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तारखा, कबरीवरचा मजकूर, नोकरीचे कागद, फोटोमागची अक्षरं हे सगळं आधी गोळा करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशी आधी बोला. कागद थांबतील, ती माणसं थांबणार नाहीत.

प्रत्येक व्यक्तीसाठी चार गोष्टी लिहा: पूर्ण नाव, जन्म-लग्न-मृत्यूची तारीख, ठिकाण, आणि ही माहिती कुठून मिळाली ते. चौथी गोष्ट लोक हमखास गाळतात आणि वर्षभरानं त्यांनाच आठवत नाही.

स्पेलिंगची सगळी रूपंही याच टप्प्यावर लिहून काढा. साइक्स हे ‘वाय’ वापरून लिहितात, ‘आय’ वापरूनही लिहितात, शेवटचा ‘एस’ कधी असतो, कधी नसतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर ठरायचं. एकाच बापाच्या दोन मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत दोन स्पेलिंग सापडली तर ती दोन घराणी समजू नका.

दुसरी पायरी: आडनावाचा अर्थ, पण मर्यादेत

इंग्रजी आडनावांचे ढोबळ चार गट पडतात: गावावरून किंवा जागेवरून आलेली, धंद्यावरून आलेली, बापाच्या नावावरून आलेली आणि टोपणनावावरून आलेली. साइक्स पहिल्या गटातलं. उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘साइक’ म्हणजे दलदलीच्या जमिनीतून वाहणारा बारीक ओहोळ. असे ओहोळ बऱ्याचदा दोन शिवारांची हद्दही असत. मध्ययुगीन यॉर्कशरच्या कागदांत ‘डेल साइक’, म्हणजे ‘ओहोळाकाठचा’, अशी माणसं भेटतात. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागून आडनाव होतं, पण गाव एकच असतं. ओहोळ मात्र दर कोसाला. म्हणून तर साइक्सचे मूळपुरुष अनेक असणार, असं जाणकारांना वाटत होतं.

आडनाव वंशपरंपरेनं चालू लागलं ते कधी, हेही माहीत हवं. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर आधी जमीनदारांत ही रीत आली. सर्वसामान्यांत ती पसरायला पुढची तीनशे वर्षं लागली आणि उत्तरेत दक्षिणेपेक्षा उशीर झाला. त्यामुळे तेराव्या शतकातला कुणी ‘डेल साइक’ सापडला तर त्याच्या मुलाचंही तेच आडनाव असेल, असं धरून चालू नका. मुलगा दुसऱ्या गावी गेला की त्याला दुसरंच काही म्हणत.

अर्थासाठी भरवशाचं साधन म्हणजे ऑक्सफर्डनं २०१६ मध्ये चार खंडांत काढलेला ब्रिटन आणि आयर्लंडच्या आडनावांचा कोश. त्यात अर्थासोबत जुन्या नोंदी तारखेनिशी दिल्या आहेत. इंटरनेटवर आडनाव टाकलं की ‘तुमच्या घराण्याचं राजचिन्ह’ विकणारी दुकानंही उघडतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. इंग्लंडात राजचिन्ह एका व्यक्तीला दिलं जातं आणि तिच्या वंशजांकडे जातं. ते आडनावाला मिळत नाही. एखाद्या साइक्सकडे चिन्ह होतं म्हणून सगळ्या साइक्सांना ते लागू होत नाही.

तिसरी पायरी: नकाशा मांडा

आडनावाची लोकसंख्या पाहायला सर्वांत उपयोगी जनगणना १८८१ ची. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडची ती संपूर्ण जनगणना स्वयंसेवकांनी उतरवून काढली आहे आणि ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. रेल्वे येऊन गेली होती, कारखाने उभे राहिले होते, तरी आडनावं अजून बऱ्यापैकी मूळ मुलखातच होती, असा हा काळ.

नकाशा मांडताना नुसती डोकी मोजू नका. लंडन आणि लँकशरमध्ये माणसंच जास्त, तिथे कुठलंही आडनाव भरपूर दिसतं. त्या परगण्याच्या दर दहा हजार लोकांमागे किती साइक्स, हा हिशेब करा. तो केला की साइक्सचं केंद्र लख्ख दिसतं: यॉर्कशरचा वेस्ट रायडिंग भाग, त्यातही हडर्सफील्ड आणि आसपासची खोरी. कोल्न नदीच्या खोऱ्यातलं स्लेथवेट हे गाव या आडनावासाठी मुद्दाम लक्षात ठेवावं असं. हा लोकरीचा मुलूख. घरोघरी माग, आणि मागावर उजेड पडावा म्हणून वरच्या मजल्याला एका ओळीत खिडक्याच खिडक्या. तशी विणकरांची दगडी घरं आजही तिथे उभी आहेत. जमीन निकस, म्हणून थोडी शेती आणि जोडीला विणकाम. त्यामुळे एकाच खोऱ्यात एकेक कुटुंब पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलं आणि फुगलंही. एक आडनाव एवढ्याशा जागी एवढं दाट का, याचं उत्तर बरंचसं या अर्थव्यवस्थेत आहे.

इतर जनगणनांची खोच थोडक्यात अशी. दर दहा वर्षांनी होणारी जनगणना १८०१ पासून आहे, पण देशभर माणसांची नावं टिपायला सुरुवात १८४१ पासून. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. जन्माचं गाव १८५१ पासून मिळतं, आणि मागे जायला तेच हवं असतं. शंभर वर्षं झाल्याशिवाय जनगणना खुली होत नाही. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्यामुळे मधल्या काळासाठी १९३९ च्या युद्धकालीन नोंदवहीवर भिस्त ठेवावी लागते.

लोकसंख्येच्या आकड्यांवरून वंश काढू नये, याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे साइक्स आडनावाचे बरेच लोक कृष्णवर्णीय आहेत. गुलामगिरी १८६५ मध्ये संपल्यावर मुक्त झालेल्या लाखो माणसांची आडनावं कागदावर आली. त्यांतली कित्येक जुन्या मालकाची, कित्येक स्वतः निवडलेली. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, गुलामांचं बहुधा नाही. नुसतं वय, लिंग आणि वर्ण. त्यामुळे या घराण्यांचा शोध १८७० च्या जनगणनेपाशी येऊन भिंतीवर आदळतो.

विनोदी अभिनेत्री वांडा साइक्स यांच्या घराण्याचा शोध मात्र ती भिंत ओलांडून गेला, आणि तो गेला बाईच्या बाजूनं. व्हर्जिनियातली एलिझाबेथ बँक्स ही गोरी, करारानं बांधलेली मोलकरीण. तिला १६८३ मध्ये एका गुलाम पुरुषापासून मुलगी झाली. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यानुसार मूल आईच्या दर्जावर जाई. आई स्वतंत्र, म्हणून मुलगी स्वतंत्र, म्हणून तिचा वंश कागदोपत्री नावानिशी नोंदत गेला. आडनाव साइक्स, आणि सापडलेली सर्वांत जुनी पूर्वज बँक्स. नुसत्या आडनावाला चिकटून बसलं असतं तर ही बाई कधीच हाती लागली नसती.

चौथी पायरी: पॅरिशचे कागद

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद आहे. सरकारी निबंधक कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांपुढे आईचं माहेरचं आडनावही दिलेलं आहे. यॉर्कशरसारख्या ठिकाणी ‘जॉन साइक्स’ डझनांनी सापडतात. तिथे योग्य जॉन निवडायला आईचं माहेरच उपयोगी पडतं.

१८३७ च्या मागे पॅरिशची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीची, रजिस्टरं. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकमानं ती १५३८ मध्ये सुरू झाली. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन असे तीन प्रकार. लक्षात घ्या, तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे. १५९८ पासून दरवर्षी एक नक्कल बिशपकडे जाऊ लागली. मूळ वही कसरीनं खाल्ली असेल तर ती नक्कल शोधा, कधीकधी दोन्हींत फरकही सापडतो. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या येतात. साक्षीदार बहुधा भाऊ किंवा मेहुणा असतो, तेव्हा ती नावंही उतरवून घ्या. १८१३ पासून छापील रकाने आले आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा दिसू लागला. हडर्सफील्डकडच्या वह्यांत तिथे ‘विणकर’, ‘कापडवाला’ असे शब्द भेटतात.

सन १७५२ च्या आधीच्या तारखांत एक फसगत ठरलेली. इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे १० फेब्रुवारी १७२० अशी नोंद असेल तर आपल्या हिशेबानं ते साल १७२१. वहीत लग्न मे १७२० चं आणि बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० चा दिसला तर गैरसमज करून घेऊ नका. सगळं रीतसर नऊ महिन्यांनीच झालेलं आहे. वंशावळीत अशा तारखा १७२०/२१ अशा जोडसालानं लिहायच्या.

कापडाच्या या खोऱ्यांत मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा वेगळ्या ख्रिस्ती पंथांची प्रार्थनाघरंही पुष्कळ होती. कुटुंब अचानक चर्चच्या वहीतून गायब झालं तर ते मेलं किंवा गाव सोडून गेलं असं धरू नका, आधी या पंथांच्या वह्या पाहा. फुकटात सुरुवात करायला ‘फ्रीरेज’ आणि ‘फ्रीबीएमडी’ ही स्वयंसेवकांची संकेतस्थळं चांगली आहेत. सूचीवर समाधान मानू नका, शक्य तिथे मूळ पानाचं छायाचित्र उघडा. त्याच पानावर खाली-वर भावंडं असतात.

चर्चच्या वह्यांच्याही मागे जायचं असेल तर वेस्ट रायडिंगचे लोक नशीबवान. वेकफील्डच्या जहागिरीच्या न्यायसभेचे कागद १२७४ पासून १९२५ पर्यंत सलग म्हणावेत असे उपलब्ध आहेत आणि ते आता लीड्स विद्यापीठात ठेवलेले आहेत. शेताचा वारसा, बांधावरून भांडण, जनावर दुसऱ्याच्या रानात घुसलं म्हणून दंड, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींत साध्या शेतकऱ्यांची नावं येतात. मूळ भाषा १७३३ पर्यंत लॅटिन, पण बरेच खंड इंग्रजी भाषांतरात छापले आहेत. १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्याही वेस्ट रायडिंगच्या चांगल्या टिकल्या आहेत. प्लेगच्या महामारीनंतर, म्हणजे १३४८-४९ नंतर, आडनाव कोणत्या गावात तग धरून राहिलं हे त्यातून कळतं. मृत्युपत्रांसाठी यॉर्क विद्यापीठाची बॉर्थविक संस्था पाहा. १८५८ नंतरची मृत्युपत्रं सरकारी सूचीत मिळतात.

पाचवी पायरी: हिंदुस्थानातले साइक्स

आता आपल्या मुलखाकडे. पक्षिनिरीक्षकांना साइक्सचा चंडोल माहीत असतो, दख्खनच्या माळावरचा, डोक्यावर तुरा असलेला. हे नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्सचं. जन्म १७९०, घराणं यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डजवळचं. तो मुंबई सैन्यात आला. १८१७ साली खडकी आणि पुण्याच्या लढायांत तो होता. १८२४ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमलं. त्या कामासाठी दख्खन पालथा घालताना त्यानं इथले पक्षी, मासे आणि पिकं टिपून ठेवली. दख्खनच्या महाशीर माशाला १८३९ मध्ये शास्त्रीय नाव दिलं ते त्यानंच. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक आणि ॲबर्डीनचा खासदार झाला आणि १८७२ मध्ये वारला.

दुसरे साइक्स म्हणजे सर फ्रेडरिक साइक्स, १९२८ ते १९३३ या काळात मुंबईचे गव्हर्नर. सविनय कायदेभंगाच्या ऐन धामधुमीत तेच गव्हर्नर होते. त्यांचा जन्म दक्षिणेत, क्रॉयडनचा. दोघं मुंबई इलाख्यात होते, दोघांचं आडनाव एक. तेवढ्यावरून दोघांना एका वंशावळीत बसवायचं नाही. मधल्या प्रत्येक पिढीचा कागद मिळेपर्यंत ही दोन वेगळी पानं.

कंपनीच्या किंवा ब्रिटिश काळातल्या पूर्वजाचा शोध लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातून सुरू होतो. हिंदुस्थानातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला तिथे इलाख्याप्रमाणे लावल्या आहेत: एन-१ बंगाल, एन-२ मद्रास, एन-३ मुंबई. मुंबईवाल्यांनी एन-३ मागवायचं. यांतल्या बऱ्याच नोंदी ‘फाइंडमायपास्ट’वर पैसे भरून दिसतात. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची सूची फुकट आहे. कंपनीच्या सैन्यात अधिकारी म्हणून भरती झालेल्यांचे कॅडेट पेपर त्याच दप्तरात आहेत. त्यांत वयाचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असे. माणूस इंग्लंडातल्या कुठल्या गावचा, हे कळायची ती सर्वांत थेट वाट. साध्या शिपायाचे असे कागद नसतात. त्याच्यासाठी पलटणीच्या हजेरीपटात जन्मगाव शोधावं लागतं.

या नोंदींत एक गोष्ट मनाला लागते. गोऱ्या बापाचं आणि इथल्या बाईचं मूल असेल तर बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव, हुद्दा, पलटण सगळं असतं आणि आईचं नाव कित्येकदा नसतंच. आपल्याच मातीतली ती बाई कागदातून पुसली गेली आहे. तिच्यासाठी बापाचं मृत्युपत्र जरूर पाहा. त्यात तिच्या नावे ठेवलेल्या रकमेच्या निमित्तानं तिचं नाव कधीकधी येतं.

सहावी पायरी: डीएनए

टेस्ट तीन प्रकारच्या आणि तिघींचे प्रश्न वेगळे.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला जातं, म्हणजे इंग्रजी आडनावाच्याच वाटेनं. आडनावाच्या अभ्यासाला ही टेस्ट हवी. बाईकडे वाय नसतं, म्हणून तिनं भाऊ, वडील, काका किंवा चुलतभावाला विनंती करायची. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून सगळ्या मुलांना जातो, पण पुढे फक्त मुलींमार्फतच. तिसरी ऑटोसोमल टेस्ट सगळ्या पूर्वजांचा थोडाथोडा हिस्सा दाखवते. तो हिस्सा दर पिढीला साधारण निम्मा होत जातो.

आडनावासाठी कमीत कमी ३७ खुणांची वाय टेस्ट करा, जमल्यास १११ ची. खूण म्हणजे गुणसूत्रावर एक छोटा तुकडा किती वेळा सलग आला आहे तो आकडा. हा आकडा बापाकडून मुलाकडे बहुतेक वेळा जसाच्या तसा जातो, क्वचित एकानं वाढतो किंवा घटतो. म्हणून दोन माणसांच्या आकड्यांमधला फरक मोजला की समान पूर्वज किती मागे, याचा अंदाज येतो. ३७ खुणांत दोन-तीन फरक असतील आणि आडनाव एकच असेल तर नातं पक्कं धरायला हरकत नाही. सात-आठ फरक असतील तर आडनावाच्या काळात दोघांचा पूर्वज एक नाही.

खुणा कमी घेतल्या की काय होतं ते पाहा. ३८८, ३९०, ३९१, ३९२, ३९३ आणि १९ या क्रमांकांच्या खुणांचे आकडे अनुक्रमे १२, २४, ११, १३, १३, १४ असे आले की ‘जुळलं’ म्हणून उड्या मारू नका. पश्चिम युरोपातला हा सर्वांत सर्रास नमुना आहे. इंग्लंडातल्या बहुसंख्य पुरुषांचा हॅप्लोग्रुप, म्हणजे फार दूरच्या एका पूर्वजापासून निघालेली मोठी शाखा, आर-वन-बी असतो. तो तुम्हाला निघाला यावरून तुमच्या घराण्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

साइक्सांच्या अभ्यासात चारच खुणा तपासल्या होत्या. आजच्या मानानं त्या फार कमी. निष्कर्ष टिकला तो त्यांचा नमुना त्या भागात इतरांत आढळत नव्हता म्हणून. मग उरलेले निम्म्याहून जास्त साइक्स कोण? लेखकांचं म्हणणं, गेल्या ७०० वर्षांत अधूनमधून आडनाव आणि वाय यांची साखळी तुटत गेली आणि तुटण्याचा दर पिढीला सरासरी १.३ टक्के पडतो. ऐकायला किरकोळ, पण २३ पिढ्यांचा गुणाकार केला की चारांतली एक शाखा तुटलेली निघते. साखळी तुटते म्हणजे दरवेळी व्यभिचार नव्हे. विधवेनं दुसरं लग्न केलं आणि मुलांनी सावत्र बापाचं नाव लावलं. लग्नाविना झालेल्या मुलानं आईचं आडनाव घेतलं. अनाथ भाच्याला मामानं वाढवलं. बायकोकडची इस्टेट मिळावी म्हणून जावयानं आडनाव बदललं.

तरी सगळा हिशेब एवढ्यानं लागतो असं मला वाटत नाही. टुरी किंग आणि मार्क जोबलिंग या जनुकशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये ४० इंग्रजी आडनावांच्या १६७८ पुरुषांचा अभ्यास केला. दुर्मीळ आडनावांत एकाच मूळपुरुषाचे वंशज जास्त निघाले, स्मिथसारख्या आडनावात तसं काही निघालं नाही. पण त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सुरुवातीला मूळपुरुष अनेक असले, तरी काहींना मुलगे होत नाहीत, काही वंश महामारीत संपतात आणि एखाद्याला मुलगेच मुलगे होऊन त्याचा वंश पसरतो. काही शतकांनी पाहणाऱ्याला मूळपुरुष एकच होता असं वाटतं. साइक्सांच्या बाबतीतही हे घडलेलं असू शकतं. ओहोळाकाठी राहणारी घराणी अनेक असतील, टिकलं त्यांतलं एक. ‘सगळ्या साइक्सांचा मूळपुरुष एक’ हे वाक्य म्हणून मी जपून वापरते.

वायचा निकाल कुठवर नेऊ शकतो याची दोन उदाहरणं या अभ्यासाला लागणाऱ्यानं लक्षात ठेवावीत. पहिलं यॉर्कशरचंच. २००७ मध्ये तिथल्या एका दुर्मीळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांत पश्चिम आफ्रिकेतला हॅप्लोग्रुप सापडला. त्यांना स्वतःला याची गंधवार्ता नव्हती. कागदांनी त्यांची घराणी १७८० च्या दशकातल्या यॉर्कशरपर्यंत नेली, म्हणजे तो आफ्रिकी पूर्वज त्याही आधीचा. दुसरं, इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचं. लेस्टरच्या कार पार्कखाली २०१२ मध्ये सापडलेला सांगाडा त्याचाच, हे आईच्या बाजूच्या डीएनएनं ठरलं. बापाच्या बाजूनं तपासलेल्या पाच आजच्या वंशजांपैकी एकाचंही वाय गुणसूत्र त्याच्याशी जुळलं नाही. राजघराण्याची, इंचाइंचानं लिहून ठेवलेली वंशावळ, आणि तरीही कुठेतरी साखळी तुटलेली. आपली तुटलेली निघाली तर वाईट वाटून घेऊ नका.

ऑटोसोमल टेस्टबद्दल थोडक्यात. सख्ख्या चुलतभावंडांत सुमारे साडेबारा टक्के डीएनए समान असतो, त्यांच्या मुलांमध्ये आपसात तीन टक्क्यांच्या आसपास. त्याच्या पुढच्या पिढीत दहांतल्या एखाद्या जोडीत काहीच दिसत नाही. ‘तुम्ही इतके टक्के इंग्रज’ हा आकडा कंपनीचा नमुनासंच बदलला की बदलतो, त्यावर घर बांधू नका. आपल्याकडच्या अँग्लो-इंडियन घराण्यांना मात्र या टेस्टचा वेगळा फायदा आहे. भारतीय आणि ब्रिटिश डीएनए एकमेकांपासून इतके वेगळे ओळखता येतात की एक इंग्रज खापरपणजोबा असेल तर सरासरी सहा टक्क्यांचा हिस्सा सहज उठून दिसतो, आणि त्या हिश्श्यावर जुळणारे इंग्लंड-ऑस्ट्रेलियातले नातेवाईक यादीत येतात. अशा घराण्यात वाय युरोपातलं आणि आईकडचा डीएनए भारतातला, बहुधा एम हॅप्लोग्रुपचा, हे चित्र वारंवार दिसतं. चर्चच्या वहीनं गाळलेली ती बाई इथे अशी सापडते.

यॉर्कशरच्या मातीबद्दल एक भर. ब्रिटिश बेटांतल्या लोकांचा मोठा जनुकीय अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चारही आजी-आजोबा एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले अशी २०३९ माणसं त्यात निवडली होती. त्यांचे डीएनएवरून १७ गट पडले आणि वेस्ट यॉर्कशर हा त्यांतला एक स्वतंत्र गट. लोक किती काळ त्या खोऱ्यांतच लग्नं करत राहिले, याची ही पावती. पण हा गट सगळ्या पूर्वजांच्या मिश्रणाचा आहे, आडनावाच्या एका ओळीचा नव्हे. त्यावरून ‘साइक्स मूळचे व्हायकिंग’ असं काहीही म्हणता येत नाही.

जुळवणी कशी करायची

कागदांवरून सर्वांत लांब फुटलेल्या दोन शाखा निवडा आणि प्रत्येकीतल्या एकेका पुरुषाची वाय टेस्ट करा. समजा, १७६० च्या सुमारास जन्मलेल्या दोन भावांच्या शाखा आहेत. दोन्हींचे आकडे जुळले तर त्या भावांच्या बापापर्यंतची अख्खी वंशावळ एका दमात पक्की होते. जुळले नाहीत तर तिसरी शाखा तपासा. ज्या दोन जुळतील त्यांची बाजू बरोबर आणि तिसरीत साखळी कुठे तुटली ते कागदांत शोधायचं. सख्ख्या भावांची टेस्ट करून पैसे घालवू नका, त्यातून आडनावाबद्दल नवं काही कळत नाही. ‘फॅमिलीट्रीडीएनए’ या टेस्ट करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आडनावांचे गट आहेत, त्यात निकाल टाकला की दूरचे साइक्स आपणहून भेटतात. इंग्लंडातली एकेका आडनावाचा अभ्यास करणाऱ्यांची संघटना १९७९ पासून चालू आहे. तुमच्या आडनावाचा नोंदणीकृत अभ्यासक आहे का, ते तिथे आधी बघा.

किट मागवण्याआधी घरात बोला, आणि मोकळेपणानं बोला. ज्याची लाळ त्याची परवानगी, हे तर झालंच. पण निकाल त्याच्या भावाबहिणींचा, मुलांचाही असतो. एखाद्या आजीचं साठ वर्षं जपलेलं गुपित त्यातून बाहेर येऊ शकतं. नको असलेलं काही निघालं तर ते कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे निकाल येण्याआधी ठरवा. माहितीच्या सुरक्षेचाही विचार करा. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या डीएनए टेस्ट करणाऱ्या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. टोपणनावानं खातं उघडता येतं. निकालाची फाइल स्वतःकडे उतरवून घ्या, आणि काम झाल्यावर खातं व नमुना नष्ट करायला सांगायचा हक्क वापरा.

शेवटी वंशावळ लिहाल तेव्हा प्रत्येक दुव्यापुढे त्याचा आधार लिहा: मूळ कागद पाहिला, नुसती सूची पाहिली, डीएनएनं जुळलं, की घरात ऐकलं. ज्या दुव्याला आधार नाही तिथे तुटक रेघ काढा. तुमच्यामागून कुणी हे काम हातात घेईल तेव्हा कुठून सुरुवात करायची ते त्याला त्या तुटक रेघांवरूनच कळेल.